अतिदूरच्या फिक्या दीर्घिका: मोकळं आकाश की गुरुत्वीय भिंग?

विश्वाच्या पहिल्या अब्ज वर्षांतल्या दीर्घिकांवर काम करायचं ठरवलं की पहिला पेच पडतो, दुर्बीण रोखायची कुठे? जवळचं ठळक काही नसलेला आकाशाचा तुकडा निवडून त्याच्याकडे तासन् तास पाहत राहायचं, की एखाद्या वजनदार दीर्घिकासमूहाआडून पाहायचं? समूहाच्या गुरुत्वाकर्षणाने मागून येणारा प्रकाश वाकतो आणि मागची दीर्घिका मोठी नि तेजस्वी दिसते.

पहिली वाट हबलने १९९५ च्या डिसेंबरात रुळवली. सप्तर्षीतल्या चिमुकल्या तुकड्याकडे दहा दिवस पाहिल्यावर तिथे सुमारे ३,००० दीर्घिका निघाल्या. या वाटेवरची मोजणी सरळ असते. किती क्षेत्र पाहिलं, किती खोल पाहिलं, हे नेमकं ठाऊक असतं. वेब दुर्बिणीला जेड्स-जीएस-झेड१४-० ही महाविस्फोटानंतर ३० कोटी वर्षांच्या आतली दीर्घिका जेड्स या अशाच सर्वेक्षणात सापडली. पण ती अपेक्षेपेक्षा फार तेजस्वी होती, हे विसरू नका. मोकळ्या आकाशात आधी हाती लागतात त्या अशाच विरळ, ठळक दीर्घिका. दसपट फिकी वस्तू त्याच खात्रीने टिपायची तर पार्श्वभूमीच्या गोंगाटामुळे सुमारे शंभरपट वेळ लागतो, आणि एवढा वेळ कुणालाच मिळत नाही.

भिंग नेमकं इथे कामी येतं. दसपट वर्धन म्हणजे अडीच प्रतींचा (तारे-दीर्घिकांची तेजस्विता मोजायच्या एककांचा) फायदा, तोही फुकट! एबेल २७४४ या समूहामागच्या आठ अतिफिक्या दीर्घिकांचे वर्णपट वेबने असेच मिळवले. विश्वातला उदासीन हायड्रोजन पुन्हा आयनित करण्यात अशा लहान दीर्घिकांचा मोठा वाटा असावा, हे त्यातून दिसलं. मला स्वतःला हा प्रश्न या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा वाटतो.

याची किंमतही आहे. वर्धन जितकं जास्त, तितकं मागचं प्रत्यक्ष क्षेत्र लहान. वर्धनाचा आकडा समूहाच्या वस्तुमानाच्या प्रारूपावर अवलंबून असतो, आणि जिथे वर्धन सर्वाधिक तिथेच तो सर्वांत डळमळीत. शिवाय समूहातला विखुरलेला प्रकाश आधी वजा करावा लागतो.

म्हणून सरासरी संख्या, तेजस्वितेची वाटणी असं काही मोजायचं असेल तर मोकळं आकाश घ्या. ते क्षेत्र एकाच दिशेचं नको, कारण दीर्घिका घोळक्याने राहतात. एकेका फिक्या दीर्घिकेच्या आत डोकवायचं असेल तर मी बिनदिक्कत भिंग निवडेन.

वाट कुठलीही असो, वर्णपटासाठी वेळ राखून ठेवा. उमेदवार ओळखायची खूण एकच. १२१.६ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश वाटेतला हायड्रोजन गिळतो. ताम्रसृती, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाने प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली याचं माप, १४ असेल तर ही कडा १.८ मायक्रॉनवर सरकते आणि त्याआधीच्या फिल्टरांत दीर्घिका दिसतच नाही. मात्र धूळ आणि ठळक उत्सर्जन रेषा मिळून हुबेहूब तसंच रूप देऊ शकतात. ताम्रसृती १६ ची समजली गेलेली एक उमेदवार वर्णपटात ४.९ चीच निघाली. जेड्सच्या त्या दीर्घिकेचाही आकडा आधी १४.३२ होता, चिलीतल्या आल्मा या रेडिओ दुर्बिणींच्या संचाने ऑक्सिजनची रेषा टिपल्यावर तो १४.१८ वर आला.

जेड्स आणि एबेल २७४४, दोन्हींच्या प्रतिमा खुल्या आहेत. दुर्बिणीच्या वेळेसाठी अर्ज लिहिण्याआधी एकच रंगनिकष (कुठल्या फिल्टरांत दिसते, कुठल्यांत नाही, याची कसोटी) दोन्हींवर लावून पाहा.