शिरोड्याचं जाडं मीठ: वर्षभर वापरल्यावर

गेल्या मे महिन्यात सावंतवाडीला मावशीकडे गेले होते, परत येताना शिरोड्याला मिठागराजवळ थांबून जाड्या मिठाची पाच किलोची पिशवी घेतली. आता वर्ष होत आलं, पिशवी तळाला गेलीये, म्हणून लिहितेय.

दिसायला पांढरंशुभ्र नाहीये हे आधीच सांगते. किंचित करडी झाक आहे, खडे लहानमोठे, काही तर हरभऱ्याएवढे, आणि हात घातला की ओलसर लागतं. भरतीचं पाणी आत घेतात, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हावर आटवतात, शेवटच्या वाफ्यात खडे धरले की ओढून ढीग करतात, त्यात तळाची माती थोडी येणारच. ओल असते ती मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे, ते हवेतलं पाणी ओढून घेतात. पाकिटातल्या मिठातून हे क्षार बरेचसे काढलेले असतात म्हणून ते सळसळ पडतं.

चव बघायला घरी आल्या आल्या कैरीची फोड घेतली आणि वर दोनच खडे ठेवले. आधी नुसतं आंबट, मग खडा दाताखाली फुटला आणि कैरीचा वास एकदम नाकापर्यंत गेला. खारट असं वेगळं काही लागलंच नाही, कैरीच जास्त कैरी लागली, आणि मला लावण्य हा शब्द आठवला.

लवण म्हणजे मीठ, त्याच्यावरून लावण्य, म्हणजे अक्षरशः मीठपणा! शाळेत समानार्थी शब्दांत सौंदर्य = लावण्य असं पाठ केलं होतं आपण सगळ्यांनी, पण ते दोन्ही एक नाहीत. सौंदर्य नाकाडोळ्यांत दाखवता येतं, लावण्य असं बोट ठेवून दाखवता येत नाही, भाजीतलं मीठ जसं वेगळं काढून दाखवता येत नाही तसं. संस्कृतात एक जुनी व्याख्या आहे, मोत्याच्या आत जी पाण्यासारखी झळाळी हलत असते तशी अंगावर दिसते ते लावण्य. आपण मराठीत अजूनही मोत्याचं पाणी म्हणतो, पाणीदार डोळे म्हणतो, ते याच्याच जवळचं आहे. आणि मोतीही समुद्रातला, मीठही समुद्रातलं, मला हे फार आवडलं.

उलटा शब्द तर आपण रोज वापरतो, अळणी. तो अलवण वरून आलाय, बिनमिठाचं. आमटी अळणी असते, तसा चेहराही अळणी असतो, सगळं जागच्या जागी असून काहीच जाणवत नाही असा. हिंदीतला सलोना पण तसाच, स-लवण. आणि आपला मीठ शब्द मात्र गोड आहे, तो आणि हिंदीतला मीठा एकाच घरचे! म्हणजे आपल्या पूर्वजांना चविष्ट म्हटलं की जे आठवलं त्याला त्यांनी मीठ म्हटलं. बाळ फार गोड दिसायला लागलं की आजी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढते, तिथेही रूपाशेजारी मीठ आहेच.

एक मनापासून वाटतं, हा शब्द आपण फक्त तरुण बायकांसाठी ठेवून दिलाय, लावण्यवती वगैरे. ज्ञानेश्वरांच्या अभंगात पांडुरंगाच्या कांतीला लावण्य म्हटलंय. माझ्या आजीच्या ऐंशीतल्या चेहऱ्यावर लावण्य होतं, मी बिनधास्त तोच शब्द वापरते.

असो, मिठाकडे येते. खरा उपयोग लोणच्यात (लोणचं पण लवणातूनच आलंय). फोडींना रात्रभर हे मीठ लावून ठेवलं, सकाळी भरपूर पाणी सुटलं होतं, फोडी करकरीत राहिल्या आणि वर्ष झालं तरी लोणचं छान आहे. बांगड्याला मीठ, हळद आणि आगळ (कोकमाचा घट्ट रस) लावून तळला तर दुसरं काही लागत नाही. सोलकढीत मात्र आधी पाण्यात विरघळवून गाळून घ्या, नाहीतर तळाशी माती येते. चमच्याचं माप पण बदलतं, जाड्या खड्यांच्या चमच्यात मीठ कमी बसतं, पहिल्या आठवड्यात माझी प्रत्येक आमटी अळणी झाली.

आणि महत्त्वाचं, यात आयोडीन घातलेलं नसतं. त्यामुळे रोजच्या भाजी-आमटीला मी परत पाकिटातलं आयोडीनचंच सुरू केलं आणि हे लोणचं, मासे, कैरी-पेरूसाठी ठेवलं. तुम्हीही तसंच करा, घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर नक्कीच. ठेवायचं चिनी मातीच्या बरणीत, स्टीलच्या डब्यात अजिबात नको, माझ्या डब्याला दोन महिन्यांत गंजाचे ठिपके पडले.

१९३० साली याच शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह झाला होता, वाफ्यांच्या कडेला उभं राहून ते आठवलं की पिशवी उचलताना हात जरा जपून जातो. जायचं तर पाऊस लागायच्या आत जा, नंतर वाफे पाण्याखाली जातात. मी या महिन्यात परत जातेय, या वेळी दहा किलो आणणार, पाच आईला.