मुंबईच्या फ्लॅटमध्ये प्लाझ्मा आणि एलसीडी: काही महिने दोन्ही वापरल्यावर

प्लाझ्मा टीव्ही बनणं बंद होऊन दशक उलटलं. पायोनियरने २००९ मध्ये टीव्हीच्या धंद्यातून बाहेर पडायचं जाहीर केलं, पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस प्लाझ्मा पॅनेल बनवणं थांबवलं, सॅमसंग आणि एलजीने २०१४ मध्ये प्लाझ्माचा गाशा गुंडाळला. तरी मुंबईत घर बदलताना लोक ५० इंची प्लाझ्मा विकायला काढतात आणि किंमत ऐकून मोह होतो. हा अनुभव मुलुंडमधल्या टू-बीएचकेतला. हॉलमध्ये ४३ इंची एलसीडी (मागून एलईडीचा उजेड म्हणजे बॅकलाइट; पडदा व्हीए जातीचा, आयपीएस ही एलसीडीची दुसरी जात), बेडरूममध्ये सेकंडहँड ५० इंची फुल एचडी प्लाझ्मा. मधे काही आठवडे दोघांची अदलाबदलही करून पाहिली. निकाल आधीच सांगतो: चित्र प्लाझ्माचं सरस, पण हॉलमध्ये ठेवायची ती वस्तू नाही.

पहिलं कारण उजेड. हॉलची खिडकी पश्चिमेला आहे. दुपारी ऊन आत आलं की प्लाझ्माच्या काचेत चित्र कमी आणि गॅलरीचं ग्रिल जास्त दिसतं. त्यात पडद्यावर पांढरा भाग वाढला की प्लाझ्मा स्वतःच उजेड कमी करतो. इथे प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो: निऑन-झेनॉनच्या मिश्रणाला विजेचा झटका, त्यातून अतिनील किरण, ते फॉस्फरवर, म्हणजे किरणांनी चमकणाऱ्या लेपावर, पडले की रंग. सगळे ठिपके एकदम पेटले तर पॉवर सप्लायवर भार येतो, म्हणून सर्किट लगाम घालतं. उंच षटकारामागे कॅमेरा आभाळाकडे वळला की पांढरा रंग राखाडी वाटतो तो यामुळे. एलसीडीत मागचा दिवा कायम पेटलेला असतो आणि द्रवस्फटिक फक्त तो अडवतात किंवा सोडतात, त्यामुळे दिवसा पडदे उघडे ठेवूनही चित्र टिकतं.

रात्री दिवा मालवला की हिशेब उलटतो. एलसीडीचा काळा म्हणजे अडवलेला उजेड, आणि तो पुरता अडत नाही. आयपीएस पॅनेलचा कॉन्ट्रास्ट (पांढरा काळ्याच्या किती पट उजळ) साधारण १०००:१, चांगल्या व्हीएचा ३०००:१ च्या पुढे. त्यामुळे आयपीएसवर अंधारातला प्रसंग धुरकट दिसतो. व्हीए बराच बरा, पण बाजूला बसलं की रंग फिके पडतात. आपल्याकडे एक जण सोफ्यावर, एक खाली सतरंजीवर आणि एक स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बघत असतं. त्या तिसऱ्या माणसाला व्हीएवर फिकट चित्र मिळतं, प्लाझ्मावर मात्र जवळपास तेच.

वीज. प्लाझ्माचा खप चित्राप्रमाणे बदलतो. अंधारा सिनेमा असेल तर कमी, उजळ स्टेडियम असेल तर ५० इंचीला २५० वॅट सहज. ४३ इंची एलसीडी ७० वॅटच्या आसपास. रोज सहा तास धरले तर प्लाझ्माचे महिन्याला ४५ युनिट, एलसीडीचे साडेबारा. फरक ३२ युनिटचा. बिल १०० किंवा ३०० युनिटच्या काठावर असेल तर हेच जादा युनिट वरच्या स्लॅबच्या दराने लागतात. शिवाय ते २५० वॅट उष्णता होऊन खोलीतच राहतात. मे महिन्यात एसी लावून प्लाझ्मा बघणं म्हणजे दोनदा पैसे मोजणं. टीव्हीच्या वर आणि मागे किमान १० सेंटीमीटर मोकळी जागा ठेवा. प्लायवूडच्या बंद युनिटमध्ये तर बसवूच नका.

क्रिकेट हा प्लाझ्माचा हुकमी एक्का. फॉस्फर क्षणभर पेटून विझतो, त्यामुळे सरकणारा चेंडू स्पष्ट राहतो. एलसीडी एक फ्रेम पुढची येईपर्यंत धरून ठेवतो, म्हणून नजर चेंडूमागे फिरली की तो लांबट दिसतो. यावर कंपन्यांनी मोशन स्मूदिंग आणलं, म्हणजे दोन फ्रेमच्या मधे टीव्हीनेच बनवलेल्या फ्रेम घुसवणं. ते पूर्ण चालू केलं की बॅटच्या कडेला थरथरणारं वलय येतं आणि मालिकासुद्धा लाइव्ह शूटिंगसारख्या दिसतात. बंद ठेवा, फारच खटकलं तर सर्वांत खालच्या पायरीवर.

एलसीडीवर मॅच अडखळते तेव्हा दोष बहुतेक वेळा पॅनेलचा नसतोच. आपलं प्रसारण ५० हर्ट्झचं (सेकंदाला ५० चित्रं), पण स्ट्रीमिंग स्टिक किंवा अँड्रॉइड बॉक्स बहुधा ६० हर्ट्झवर सेट असतो. ५० फ्रेम ६० मध्ये बसवताना काही फ्रेम दुबार दाखवाव्या लागतात आणि सीमारेषेकडे पळणारा क्षेत्ररक्षक झटके खात पळतो. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १०८०पी ५० हर्ट्झ निवडा किंवा मूळ फ्रेम रेट जुळवण्याचा पर्याय चालू करा. अ‍ॅपने तो पाळला तर फरक लगेच कळतो. सेट-टॉप बॉक्स थेट जोडला असेल तर हा प्रश्न सहसा येत नाही.

आता बर्न-इन, म्हणजे पडद्यावर कायमचा उमटलेला ठसा. मराठी न्यूज चॅनल दिवसभर चालणारं घर असेल तर पुढे वाचायचीही गरज नाही, एलसीडी घ्या. खालची लाल पट्टी, कोपऱ्यातला लोगो, 'ब्रेकिंग'चा चौकोन, सगळं तासन्‌तास एकाच जागी. तिथले फॉस्फर बाकीच्यांपेक्षा जास्त झिजतात आणि त्या चौकोनाची सावली कायमची उरते. चॅनल बदलल्यावर दिसणारी आणि थोड्या वेळात विरणारी छाया वेगळी, तिची काळजी नको. रोज दिसते, राखाडी पडद्यावर जागचीही हलत नाही, ती कायमची. पिक्सेल ऑर्बिटर (चित्र अधूनमधून किंचित सरकवणारी सोय) चालू ठेवणं, बातम्यांना कॉन्ट्रास्ट खाली आणणं, जुन्या ४:३ कार्यक्रमांच्या दोन्ही कडांना काळ्याऐवजी राखाडी पट्टे निवडणं, याने वेग कमी होतो. थांबत नाही. ओएलईडीसुद्धा स्वतः पेटणाऱ्या ठिपक्यांचाच, तिथेही हा धोका आहेच.

एलसीडी यातून सुटतो, पण त्याची दुखणी वेगळी. सर्वांत नेहमीचं: आवाज येतो, चित्र नाही. अंधारात टीव्ही चालू ठेवून मोबाइलचा टॉर्च पडद्याला तिरका लावा. पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनेल शाबूत आहे, बॅकलाइट गेला. पट्टीवरचे एलईडी सहसा एका माळेत जोडलेले असतात, त्यामुळे एक उडाला की अख्खी पट्टी, कधी सगळाच बॅकलाइट बंद. बदलायच्या तर सगळ्या पट्ट्या एकदम बदला. एकच नवी टाकली तर तिथे उजळ पट्टा दिसतो आणि पुढे शेजारचीही जाऊ शकते. या कामात पॅनेल उचलावं लागतं आणि ते तडकण्याची भीती खरी आहे, म्हणून कारागिराशी जबाबदारीचं आधीच बोलून घ्या. पडद्यावर पांढरे गोल ठिपके आले असतील तर एलईडीवरची प्लास्टिकची लेन्स निसटली आहे, तो बिघाड स्वस्तात सुटतो. हे सगळं लांबवायचं तर बॅकलाइट १०० वर चालवू नका. रात्री ४० ते ५० पुरतो.

पुसण्याबद्दल जरा सविस्तर, कारण चांगले पॅनेल इथेच मरतात. काच पुसायचा स्प्रे थेट पडद्यावर मारला की ओघळ खालच्या पट्टीत शिरतो. तिथेच पॅनेलच्या काचेला चिकटवलेल्या ड्रायव्हरच्या पातळ फिती असतात. पाणी तिथवर गेलं की उभ्या रेषा येतात, आणि त्यावर सहसा पॅनेल बदलणं हाच उपाय, म्हणजे जवळपास नवा टीव्ही. कोरडं मायक्रोफायबर वापरा. डाग हटत नसेल तर कापड किंचित ओलं करून, टीव्ही बंद आणि थंड असताना. समुद्राजवळच्या इमारतींत खारी हवा याच जोडांना खाते. पावसाळ्यात टीव्ही रोज थोडा वेळ तरी चालू ठेवलेला बरा, आतली ओल सुकते.

प्लाझ्माची दुरुस्ती म्हणजे जुन्या बोर्डांचा शोध. वाय-सस्टेन, झेड-सस्टेन (ठिपके पेटते ठेवणारे दोन बोर्ड) किंवा पॉवर सप्लाय गेला की टीव्ही चालू होऊन लगेच बंद पडतो आणि समोरचा लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. ते लुकलुकणं मोजून कारागिराला सांगा, त्याचं अर्धं काम होतं. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मोडीत निघालेल्या सेटचे बोर्ड कधीमधी मिळतात. पॉवर सप्लाय बदलला तर पॅनेलच्या मागच्या स्टिकरवर छापलेले व्हीएस आणि व्हीए हे दोन व्होल्टेज (या व्हीएचा एलसीडीच्या व्हीए पॅनेलशी संबंध नाही) जुळवून घ्यावेच लागतात. व्हीएस साधारण २०० व्होल्टच्या आसपास असतं, प्रत्येक पॅनेलचा आकडा वेगळा. ते न करता दिलेला सेट काळ्या भागात चमचमणारे ठिपके दाखवू शकतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये हा दाब राहतो, त्यामुळे मागचं झाकण घरी उघडू नये. आणि 'गॅस संपलाय, भरावा लागेल' असं कोणी म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. पॅनेल सीलबंद असतं, त्यात गॅस भरत नाहीत.

नवीन टॉवरमधल्या आतल्या भिंती पुष्कळदा चार इंची हलक्या ब्लॉकच्या असतात. ५० इंची प्लाझ्मा ब्रॅकेट धरून ३० किलोच्या वरही जाऊ शकतो, तिथे साधे प्लास्टिकचे गिट्टे धरत नाहीत. काँक्रीटच्या भिंतीवर अँकर फास्टनर लावा, नाहीतर स्टँडवरच ठेवा. ४३ इंची एलसीडी दहा किलोच्या आत, त्याला कुठलीही धड भिंत चालते. प्लाझ्मा टेम्पोत नेताना उभाच न्या, आडवा केला तर काचेवर भार येतो.

सेकंडहँड प्लाझ्मा बघायला जाताना पेनड्राइव्हवर पाच चित्रं न्या: पूर्ण पांढरं, मध्यम राखाडी, लाल, हिरवं, निळं. राखाडीवर लोगोची सावली शोधा. लाल, हिरवं आणि निळं वेगवेगळं बघा, कारण झीज कधी एकाच रंगात असते. पांढऱ्यावर आवाज शून्य करून दोन मीटरवर उभं राहा. बारीक गुणगुण सगळ्याच प्लाझ्मांत असते, पण तेवढ्या अंतरावरून पंख्याच्या आवाजातही ऐकू आली तर सोडून द्या. किमान अर्धा तास चालू ठेवायला सांगा, काही बोर्ड तापल्यावरच बंद पडतात. पटला तर घेण्याआधी मागच्या लेबलचा फोटो काढा. घरी आणल्यावर कारागिराकडून एकदा झाकण उघडून प्रत्येक बोर्डावरचा पार्ट नंबरही टिपून घ्या. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी पॅनेल वापरलेली असतात, त्यामुळे लॅमिंग्टन रोडवर नुसत्या मॉडेल नंबरवर आणलेला बोर्ड बसेलच असं नाही.