फिक्स्ड गिअर सायकल, आठ महिन्यांनंतर: साखळीच्या आवाजाचा माग

आठ महिन्यांपूर्वी पुण्याहून जुनी फिक्सी, म्हणजे फिक्स्ड गिअर सायकल, आणली. पुढच्या चक्राला (चेनरिंग) ४६ दात, मागच्याला (कॉग) १६. रोज विजापूर रोडवरून कामाला आणि रविवारी तुळजापूर रस्त्याने हिप्परग्याच्या तलावापर्यंत. सोलापूर बहुतेक सपाट, त्यामुळे एकच गिअर पुरतो. सायकल मला मनापासून आवडली आहे. पण पहिले चार महिने तिच्या आवाजांनी झोप उडवली, म्हणून हा अनुभव मुख्यतः आवाजांबद्दलच लिहितोय.

गिअरच्या सायकलवर आवाज आला की आपण पाय थांबवतो. थांबल्यावरही आवाज राहिला तर दोष चाकात, बंद झाला तर बहुधा पेडल किंवा त्याच्या दांड्याकडे, म्हणजे क्रँककडे. फिक्सीत हे जमत नाही, चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच. वडिलांनी तीस वर्षं पॉवरलूमवर काढली, धोट्याचा आवाज बदलला की माग थांबवायच्या आधीच त्यांना कळायचं. ते म्हणाले, "आधी मोज. किती फेऱ्यांनी येतो ते बघ, मग पान्याला हात लाव." आवाज पेडलच्या प्रत्येक फेरीला एकदा आला तर दोष चेनरिंग, क्रँक, पेडल किंवा बॉटम ब्रॅकेटमध्ये (क्रँकचा आस जिथे फिरतो तो भाग). एका पेडलफेरीत जवळजवळ तीनदा आला तर मागच्या चाकात, कारण ४६ भागिले १६ म्हणजे २.८७५. आणि दोन फेऱ्यांहून जरा उशिरा आला तर तो साखळीचाच, कारण माझ्या साखळीला ९८ कड्या आहेत आणि पेडलच्या एका फेरीत ४६ सरकतात.

माझी टिकटिक दोन फेऱ्यांहून जरा उशिरा यायची, म्हणजे साखळीची. साखळी हळूहळू उलटी फिरवली तर जोडाची एक कडी कॉगवरून सुटताना सरळच होत नव्हती. ती दोन्ही हातांनी आडवी वाकवून मोकळी केली, तेल सोडलं, विषय संपला.

खरखर होती ती चेनरिंगची. रिंग मध्यावर बसलेली नव्हती, त्यामुळे साखळी एका जागी ताठ, दुसऱ्या जागी ढिली. मी ढिल्या जागी बघून ताण द्यायचो आणि ताठ जागी ती घरघरायची. पाचही बोल्ट थोडे सैल करून, ताठ जागी साखळीवर लाकडी मुठीने हलकं ठोकत रिंग मध्यावर आणली आणि बोल्ट समोरासमोरचे आवळले. आता सगळ्यात ताठ जागीही खालची साखळी बोटाने सेंटिमीटरभर वरखाली होते.

खरा घोर लावला तो तिसऱ्या आवाजाने. उतारावर वेग कमी करायला पाय मागे दाबले की एक टक, पुन्हा पुढे दाब दिला की दुसरी टक. इथल्या एका दुकानात दोनदा दाखवली. दोन्ही वेळा मागची लॉकरिंग, म्हणजे कॉग सुटू नये म्हणून त्याच्यावर आवळतात ती रिंग, आवळून दिली, "झालं बघा." आठवड्यात आवाज परत. शेवटी कॉग, ही रिंग आणि हबवरून (चाकाचा मधला भाग) मार्करने एक सरळ रेघ ओढली, हिप्परग्याला जाऊन आलो आणि घराच्या पायरीवर बसून पाहिलं. हबवरची रेघ जागेवर होती. कॉगवरची एका दाताइतकी सरकली होती आणि रिंगवरचीही तिच्याबरोबर. पोटात गोळाच आला.

खोलल्यावर कारण दिसलं. फिक्स्ड हबला आट्यांचे दोन टप्पे असतात: कॉगचे आटे नेहमीच्या दिशेचे, लॉकरिंगचे लहान व्यासाचे आणि उलटे. कॉग सुटायला लागला की तो रिंगला जास्तच घट्ट करतो. माझ्या हबला एकच टप्पा होता. तो फ्रीव्हीलचा (पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं, त्या सायकलचा) हब होता आणि कॉगवर बॉटम ब्रॅकेटची रिंग चढवलेली. दोघांचे आटे एकाच दिशेचे, म्हणून सुटताना दोघं मिळून सुटत होते. कॉग पूर्ण सुटला असता तर पायाने चाक थांबलंच नसतं. पुढचा ब्रेक मी आधीपासून ठेवलाय. तो नसता तर काय झालं असतं, हा विचार आजही नकोसा वाटतो. विकणाऱ्याने हे सांगायला हवं होतं, याचा राग अजून गेलेला नाही.

नवा दोन टप्प्यांचा हब आणून चाक नव्याने बांधून घेतलं. कॉगच्या आट्यांना ग्रीस लावून आधी साखळीच्या पट्ट्याने कॉग आवळला, मग लॉकरिंग. पन्नासेक किलोमीटर चालवून रिंग पुन्हा एकदा आवळली, कारण चढावर कॉग थोडा आणखी बसतो. जुनी फिक्सी घेणार असाल तर पैसे देण्याआधी तो दुसरा टप्पा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. रिंग काढून दाखवत नसेल तर घेऊ नका.

आमच्या भागात मागांमुळे हवेत कापसाची लव असते, ती तेलकट साखळीला चिकटून काळा लगदा होतो. म्हणून दर रविवारी कोरड्या फडक्याने साखळी पुसतो, प्रत्येक रोलरवर एकच थेंब तेल, वरचं पुन्हा पुसून टाकतो. साखळी झिजून किती लांबली ते बघायला महिन्यातून एकदा २४ कड्या पट्टीने मोजतो. नव्या साखळीत त्या ३०४.८ मिलिमीटर भरतात. माझ्या आता ३०५.५ आहेत. ३०६.३ झाल्या की बदलणार.

मार्करची रेघ नव्या हबवरही ओढली आहे. चार महिने झाले, ती एकसंध आहे.