ब्राउझरची पडताळणी: गुगलचा प्रस्ताव आणि अ‍ॅपलचे टोकन

गुगलने २०२३ मध्ये ‘वेब एन्व्हायर्न्मेंट इंटिग्रिटी’ सुचवली. साइटने मागणी करताच ब्राउझर आणि प्रणाली अस्सल असल्याची डिजिटल सही एका त्रयस्थ तपासनिसाकडून (बहुधा यंत्राच्या प्रणालीकडूनच) मिळणार होती. एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) अडवण्याचा हेतू नाही, असे प्रस्तावात म्हटले होते. खरा धोका वेगळाच होता: सही नसलेल्यांना साइटने मजकूर नाकारला, तर जाहिराती गाळण्यासाठी बदललेला किंवा स्वतः बांधलेला ब्राउझर बाहेर पडतो. साइटने सहीवर विसंबू नये म्हणून काही विनंत्यांना मुद्दाम सही न देण्याचा उपाय होता, तो तोकडाच. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रस्ताव बारगळला.

अ‍ॅपलचे ‘प्रायव्हेट अ‍ॅक्सेस टोकन’, म्हणजे उपकरण अस्सल असल्याचा डिजिटल पुरावा, मात्र आयओएस १६पासून, म्हणजे २०२२ पासून, चालू आहे. अ‍ॅपल उपकरण तपासते, क्लाउडफ्लेअर किंवा फास्टली ही इंटरनेट सेवा कंपनी टोकन देते, आणि साइटला फक्त टोकन खरे असल्याचे कळते. सफारीतला कंटेंट ब्लॉकर (जाहिराती गाळणारी जोड) त्यात दिसत नाही. टोकन नसेल तर बहुधा कॅप्चा (माणूस असल्याचे दाखवणारे कोडे) सोडवावा लागतो. सेटिंग्जमध्ये खात्याच्या सुरक्षा विभागातून ‘ऑटोमॅटिक व्हेरिफिकेशन’ बंद करता येते.

आज अ‍ॅपलची पद्धत सौम्य आहे, हे मान्य. तरी कॅप्चाऐवजी थेट नकार द्यायचा की नाही, हे साइटच ठरवते. ब्राउझरबाहेरचा एक उपाय म्हणजे पाय-होल: हा प्रोग्रॅम घरच्या नेटवर्कवर जाहिरातींच्या डोमेनची डीएनएस विचारणा (नावावरून पत्ता शोधण्याची विनंती) अडवतो, म्हणून अशा तपासणीत तो सापडत नाही. मात्र साइटच्याच डोमेनवरून येणाऱ्या जाहिराती त्याला रोखता येत नाहीत.