दहा किलो, तीस दिवस आणि वजनकाट्याची वेळ

पश्चिम नागपुरातील एका वजन घटविण्याच्या केंद्रात मी गेल्या डिसेंबरात तीस दिवसांचे पॅकेज घेतले होते. त्याचे शुल्क 18,500 रुपये होते, पावडरीचे दोन डबे प्रत्येकी 2,400 रुपयांना वेगळे घ्यावे लागले आणि पोटाला बांधायच्या पट्ट्याचे 1,900 रुपये वेगळे झाले. केंद्राचे नाव येथे देत नाही. याच धर्तीची केंद्रे शहरात बरीच आहेत, आणि त्यांपैकी कोठल्याही दारात उभ्या असलेल्या वाचकाला हा अनुभव उपयोगी पडावा एवढीच अपेक्षा आहे. फेब्रुवारीत भाचीचे लग्न होते, बाहेरच्या फलकावर ‘30 दिवसांत 10 किलो’ असे लिहिले होते, आणि वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षीही मनुष्य अशा अक्षरांपुढे थांबतो, हे मला मान्य केले पाहिजे.

माझे पहिले वजन शनिवारी सायंकाळी सहाच्या सुमारास, बुटांसह आणि अंगावरील स्वेटरासह घेण्यात आले. दुपारी घरी पाहुण्यांसाठी गोळाभात (डाळीच्या पिठाच्या गोळ्यांचा भात) झाला होता आणि तो मी पोटभर जेवले होते. काट्याने 74.6 किलो दाखविले आणि समुपदेशक मुलीने तो आकडा माझ्या पिवळ्या कार्डावर लाल शाईने लिहिला. पुढच्या आठवड्यापासून मात्र वजनासाठी सकाळी सातला, उपाशीपोटी, अनवाणी यायचे अशी सूचना होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी घरच्या काट्यावर उभी राहिले तेव्हा वजन 73.1 किलो भरले. म्हणजे उपचार सुरू होण्यापूर्वीच दीड किलो कमी झाले होते, आणि ते बूट, स्वेटर, जेवण व पाणी यांचे होते. आठवड्यानंतर कार्डावर 71.2 हा आकडा चढला, त्याशेजारी ‘3.4 किलो घट’ असे लिहिले गेले, आणि प्रतीक्षागृहात बसलेल्या चार जणींनी टाळ्या वाजविल्या. मीही हसले. कार्डावर वजनाच्या रकान्याशेजारी वेळेचा रकाना नव्हता, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले.

उरलेल्या 1.9 किलोचाही हिशेब पाहण्यासारखा आहे. आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण 400 ते 500 ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे पिष्टमय अन्नापासून झालेला साखरेचा साठा, साठविलेले असते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी बांधलेले असते. पोळी-भात अचानक कमी केला की शरीर प्रथम हा साठा वापरते आणि त्याबरोबरचे पाणी लघवीवाटे निघून जाते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो. ज्या दिवशी आपण पुन्हा नेहमीसारखे जेवतो, त्यानंतर दोन-तीन दिवसांत ते पाणी परत येते. जलद वजन घटविण्याचा सगळा व्यवहार या पहिल्या आठवड्यावर उभा आहे, कारण ग्राहकाचा विश्वास याच सात दिवसांत बसतो आणि पुढचे पॅकेजही याच सात दिवसांत विकले जाते. मलाही सातव्या दिवशीच ‘मेंटेनन्स पॅकेज’ सवलतीत देऊ करण्यात आले होते.

फलकावरील दहा किलोंचे गणित मी घरी वहीवर मांडले. ते आधी मांडले असते तर पैसे वाचले असते. शरीरातील एक किलो चरबीत साधारण 7,700 किलोकॅलरी असतात, त्यामुळे दहा किलो चरबीसाठी 77,000 किलोकॅलरींची तूट लागते, म्हणजे तीस दिवस रोज अडीच हजारांहून थोडी अधिक. माझ्या उंचीच्या, वयाच्या आणि बैठे काम करणाऱ्या स्त्रीचा दिवसभराचा एकूण खर्चच 1,900च्या आसपास असतो. मी महिनाभर अन्नाचा कणही घेतला नसता, तरी हिशेबाने साडेसात किलोंहून अधिक चरबी गेली नसती. हे गणित मी समुपदेशक मुलीला दाखविले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, ‘‘मॅडम, प्रत्येकाची बॉडी वेगळी असते ना जी.’’ शरीरे वेगळी असतात हे खरे आहे, पण इतकी वेगळी नसतात.

आहाराचा तक्ता छापील होता आणि माझ्याआधी आलेल्या निवृत्त गृहस्थांच्या हातातही तोच होता. सकाळी काढा, न्याहारीला पावडर घातलेले दूध, दुपारी एक ज्वारीची भाकरी व भाजी, सायंकाळी सातच्या आत सूप. मी वजन-मापे करून बेरीज केली तेव्हा ती सुमारे 900 किलोकॅलरी आली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार वजन घटविण्यासाठीचा आहारही दिवसाला 1,000 किलोकॅलरींपेक्षा कमी असू नये आणि घट आठवड्याला अर्धा किलो या बेताची असावी. त्याहून तुटपुंज्या आहारावर ठेवायचे झाल्यास डॉक्टरची देखरेख लागते, कारण वजन फार वेगाने उतरले की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात. तीस दिवसांत माझी रक्ततपासणी कोणी विचारली नाही, रक्तदाबही मोजला नाही.

तक्त्यात भात पूर्ण वर्ज्य होता. कच्चा तांदूळ, गव्हाची कणीक आणि ज्वारीचे पीठ यांत शंभर ग्रॅमला साधारण 330 ते 350 किलोकॅलरी असतात, त्यामुळे उष्मांकांपुरता विचार केला तर त्यांत भांडण लावण्याचे कारण नाही. भाकरीत तंतू अधिक असतात आणि ती सावकाश खाल्ली जाते, हा तिचा खरा फायदा आहे. आपल्याकडच्या गोळाभाताने वजन वाढते ते भातामुळे कमी आणि वरून ओतलेल्या हिंग-मोहरीच्या फोडणीमुळे अधिक, कारण एका मोठ्या चमचाभर तेलात 120च्या आसपास किलोकॅलरी असतात आणि आपण फोडणी चमच्याने मोजत नाही, पळीने घेतो. तर्री-पोह्यांतही पोहे निरपराध आहेत. वर तरंगणारा लाल थर, ज्यावर आपण हौसेने ‘भाऊ, तर्री जास्त टाका’ म्हणतो, तो हिशेबात धरावा लागतो. तूप, शेंगदाणा, जवस किंवा परदेशी ऑलिव्ह, कोणतीही स्निग्धता घेतली तरी तिचा प्रत्येक ग्रॅम 9 किलोकॅलरींचाच. केंद्रात मात्र भातावर बंदी होती आणि तेलाबद्दल एक शब्द नव्हता.

मला सर्वांत अधिक नवल वाटले ते संत्र्याचे. डिसेंबरात, आंबिया बहाराची फळे रस्त्याच्या कडेला ढिगांनी लागलेली असताना, नागपुरात बसून मला संत्रे ‘गोड फळ’ म्हणून बंद करण्यात आले होते, आणि 2,400 रुपयांच्या डब्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते ‘संत्रा फ्लेवर’. शंभर ग्रॅम संत्र्यात पन्नासच्या आतबाहेर किलोकॅलरी असतात, तंतू असतात, आणि सोलून, शिरा काढून, बिया थुंकत ते खाण्यास वेळ लागतो, म्हणून पोटाला भरल्याची जाणीव होते. रस काढून प्यायला तर तीन-चार फळांची साखर दोन मिनिटांत आत जाते आणि तंतू गाळणीत राहतो. एवढा फरक सांगितला असता तरी शुल्काचा काही भाग वसूल झाला असे मी म्हटले असते. ‘हे सरकारमान्य आहे’ असे सांगून मुलीने डब्यावरील अन्न सुरक्षा परवान्याच्या चौदा अंकी क्रमांकावर बोट ठेवले होते. तो क्रमांक अन्नपदार्थ विकणाऱ्या व्यावसायिकाचा परवाना असतो, पावडरीने वजन उतरते असा दाखला नसतो. आपल्याकडे 1954च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे ज्यांवरील औषधांची जाहिरात करता येत नाही अशा विकारांच्या यादीत, लठ्ठपणाचाही समावेश आहे, आणि डब्यावर कोठेही ‘औषध’ हा शब्द का नव्हता याचा अंदाज वाचकाने करावा.

काढा ‘शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर काढणारा’ म्हणून दिला गेला. त्यातील घटकांच्या बारीक अक्षरांत सोनामुखी होती. सोनामुखी रेचक आहे, तिचे काम मोठ्या आतड्यात चालते, आणि अन्नातील उष्मांक तोवर लहान आतड्यातच शोषले गेलेले असतात. त्यामुळे पोट हलके वाटते, काटा अर्धा किलो खाली येतो, पण जाते ते पाणी आणि मळ. उरलेली शुद्धी यकृत आणि मूत्रपिंडे विनाशुल्क करीत असतात. सकाळच्या लिंबू-मध-कोमट पाण्याविषयीही हेच. ते पिण्यात गैर काही नाही, पण चरबी वितळविण्याचा गुण लिंबात नाही, आणि चमचाभर मधात वीसेक किलोकॅलरी असतात ही गोष्ट कोणी मोजत नाही.

पोटाच्या पट्ट्याबद्दल थोडक्यात सांगते. तो बांधून चाळीस मिनिटे बसले की घाम येतो आणि लगेच फीत लावल्यास कंबर सेंटिमीटरभर कमी भरते. फीतही दुसऱ्या वेळी जरा आवळूनच धरली जाते. चरबी शरीराच्या ज्या भागावर पट्टा बांधला त्याच भागातून निघत नाही. ती सगळ्या शरीरातून, ज्याच्या-त्याच्या ठेवणीप्रमाणे उतरते. आणि घामच गाळायचा असेल तर मे महिन्यात दुपारी दोन वाजता व्हरायटी चौकात सिग्नलला उभे राहावे, 1,900 रुपये वाचतात.

तळपायांतून सौम्य विद्युतप्रवाह सोडून चरबी मोजणारे एक यंत्रही तेथे होते, त्याने माझे ‘चयापचयाचे वय’ 58 ठरविले. प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्यावरून चरबीचा अंदाज करणारे हे यंत्र शरीरातील पाण्याच्या प्रमाणाने बहकते. दुसऱ्या खेपेला मी मुद्दाम दोन पेले पाणी पिऊन गेले तर आकडे बदलले. मी बदललेले नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात सीताबर्डीच्या मेट्रो स्थानकावर जिना चढताना मला भोवळ आली आणि एका अनोळखी काकांनी हात धरून बाकावर बसविले. केंद्रात सांगितले तेव्हा ‘फॅट बर्न होत आहे’ असे उत्तर मिळाले. त्याच रविवारी महालात आईकडे गेले तर तिने दारातच विचारले, ‘‘काहून वं, आजारी होती का? तोंड पाहा कसं उतरून गेलं.’’ मला तिचे निदान अधिक शास्त्रीय वाटले. महिन्याच्या शेवटी वजन 69.8 किलो होते. कार्डावर 4.8 किलोंची घट होती, घरच्या काट्याने 3.3 किलोंची. फेब्रुवारीअखेर केस मुठीने गळू लागले. वजन झपाट्याने उतरल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी असे होते आणि पुढे ते आपोआप थांबते, हे मला त्वचारोगतज्ज्ञांकडून कळले. एप्रिलमध्ये घरचा काटा 72.4 दाखवीत होता.

वजन परत आले याचा दोष केंद्रात माझ्या ‘विलपॉवर’ला देण्यात आला. वस्तुस्थिती अशी की तुटपुंज्या आहारावर शरीर आपला खर्च काहीसा आटोपता घेते, भूक वाढविते, आणि पुरेसे प्रथिन व व्यायाम नसेल तर स्नायू गमावते, मग जुने जेवण जुन्या प्रमाणात सुरू होताच चरबीची भरपाई आधी होते. वरणाची वाटी मोठी करा, उसळ घ्या, अंडे चालत असेल तर अंडे घ्या, जड वजनांचा व्यायाम आठवड्यातून दोनदा करा, असे तीस दिवसांत एकदाही सांगितले गेले नाही. नंतर एका शासकीय रुग्णालयातील आहारतज्ज्ञ बाईंनी ते दहा मिनिटांत सांगितले. दहा किलो विसरा, सध्याच्या वजनाच्या पाच टक्के सहा महिन्यांत उतरवा, त्यानेही रक्तदाब आणि साखर यांत फरक पडतो, असे त्या म्हणाल्या. माझ्या बाबतीत ते साडेतीन किलो होतात. सेमिनरी हिल्सच्या चढावर सकाळी चाळीस मिनिटे चालते आणि फोडणीसाठी पळीऐवजी चमचा ठेवला आहे. ऑगस्टमध्ये वजन 70.6 होते. रात्री साडेआठला जेवते, आणि भात खाते.

केंद्राच्या बाजूने सांगण्यासारखी एक गोष्ट निश्चित आहे. त्यांनी दिलेली रोजनिशी उत्तम होती. खाल्लेला प्रत्येक घास लिहून ठेवण्याची सवय त्यामुळे लागली, आणि चहाबरोबर दिवसाला सहा बिस्किटे जातात हे मला तिच्यातूनच समजले. जागा स्वच्छ आहे, गाड्या लावण्याची सोय आहे, मुली नम्र आहेत आणि त्यांतील बहुतेकींना काय सांगायचे हे वरून पाठ करून दिलेले असते, त्यांच्यावर माझा राग नाही. पाचपैकी दीड तारा देते, त्यातील एक रोजनिशीचा.

पैशांबाबत: पॅकेजचे शुल्क परत मिळत नाही, असे पावतीच्या मागे छापलेले आहे. मी न उघडलेल्या दुसऱ्या डब्यासह लेखी अर्ज नेला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकाचा उल्लेख केला, तेव्हा डब्याचे 2,400 रुपये रोख परत मिळाले. शुल्काच्या काही भागाबद्दल रोख रकमेऐवजी सहा महिन्यांच्या मुदतीचे कूपन दिले, ते इतर कोणाला देता येते असे त्यांनी आवर्जून सांगितले. मी ते कोणालाही दिलेले नाही.