तीन तासांचा पेपर की दीर्घ निबंध?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची एम.ए.ची पोरं भेटली की हमखास विचारतात: 'सामाजिक शास्त्रांचं तत्त्वज्ञान' घेतलंय, शेवटी लेखी परीक्षा द्यावी की निबंध? मी निबंध दिला होता, माझ्या खोलीतल्या मित्राने परीक्षा. एकाच विद्यापीठात, एकाच वर्षी.

परीक्षेचं पटकन सांगतो. तिथे काय वाचायचं ते ठरलेलं असतं. सामाजिक तथ्यं वस्तूंसारखी अभ्यासा म्हणणारा दुर्खीम (१८९५), कृतीमागचा कर्त्याचा अर्थ धरा म्हणणारा वेबर, इतिहासातल्या स्पष्टीकरणालाही सार्वत्रिक नियम लागतात म्हणणारा हेम्पेल (१९४२), आणि समाज कळायचा तर त्याचे नियम आतून कळले पाहिजेत म्हणणारा विंच (१९५८). तीन तासांत चार उत्तरं, म्हणजे एकाला पाऊण तास. त्यात मत मांडा, आक्षेप घ्या, आपली बाजू सांगा. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्याची खरी अडचण इथेच. डोकं मराठीत चालतं, हात इंग्रजीत, आणि घड्याळ कुणासाठी थांबत नाही. मित्राने जुन्या प्रश्नपत्रिका घोटल्या, गुण चांगले पाडले. महिन्याभरात विंच कोण हेही विसरलो, असं तोच हसत सांगतो.

निबंधात वेळ मिळतो, पण आपल्या भागातल्या पोराला एक खड्डा हमखास लागतो. मी आधी सीमाप्रश्नच घेतला. १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६७ चा महाजन अहवाल, घरातल्या गोष्टी, सगळं सहा पानांत ओतलं. सरांनी समासात एवढंच लिहिलं: 'हे मत झालं. युक्तिवाद कुठाय?' दोन दिवस रागाने वही उघडली नाही. पण ते बरोबर होतं. आम्ही सीमाभागातले लोक या विषयावर निष्कर्षापासूनच सुरुवात करतो.

मग निपाणी घेतली. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बेंगळुरू महामार्गावर ठिय्या मारून बसले, शरद जोशी पुढे होते, शेवटी गोळीबार झाला. मॅन्सर ऑल्सन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६५ मध्ये मांडलेला पेच इथे लख्ख दिसतो: भाव वाढला तर घरी बसलेल्यालाही मिळणारच, मग उन्हात रस्त्यावर बसायचं कुणी? जवळच्या गावातल्या एका आजोबांना मी हेच विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बावळट आहे. 'सगळा गाव रस्त्यावर आन् मी घरात? बायकोनं भाकरी वाढली असती व्हय?'

या एका वाक्यावर माझा अर्धा निबंध उभा राहिला. ऑल्सनवाला म्हणेल, बघा, भाकरी न मिळणं हीसुद्धा किंमतच की. माणूस हिशेबच करतोय. विंचवाला म्हणेल, पण घरी बसण्याची लाज का वाटते, हे त्या गावाचे नियम कळल्याशिवाय हिशेबात येणारच कसं? मी विंचकडे झुकलो. आज लिहिलं असतं तर ऑल्सनला इतक्या स्वस्तात सोडलं नसतं, कारण सगळ्याच गोष्टींना 'किंमत' म्हटलं तर त्याचा सिद्धांत चुकूच शकत नाही, आणि जो चुकूच शकत नाही तो नेमकं काय सांगतो, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही.

तर ठरवायचं कसं? एकाच सत्रात आणखी तीन विषय असतील, नोकरी असेल, किंवा लिहायला बसलं की शेवटच्या रात्रीपर्यंत पहिलं वाक्यच फुटत नसेल, तर सरळ परीक्षा द्या. त्यात कमीपणा काही नाही. एखादा प्रश्न डोक्यातून जात नसेल आणि खाडाखोड सोसायची तयारी असेल, तर निबंध. इंग्रजी कच्चं असलं तरी निबंधच, कारण पहिला खर्डा मराठीत करता येतो. मी तसाच केला.

आणि निपाणीवरच लिहायचं असेल तर सत्र संपायची वाट बघू नका. तेव्हा रस्त्यावर बसलेली तरणी पोरं आता पासष्ट-सत्तरीची झालीत.