धंतोलीतली वकीलबाई आणि त्यांचे हाडांचे डॉक्टर

आईच्या गुडघ्यात बसवलेला कृत्रिम सांधा दोनच वर्षांत ढिला झाला. तेच मॉडेल बसवलेले आणखी दहा पेशंट भेटले, तेव्हा कुणीतरी नागपुरातल्या धंतोलीतल्या या वकीलबाईंचं नाव सुचवलं.

पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं, "ताई, अकरा केस कशाला? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 35 मध्ये, सारखंच हित असलेल्या सगळ्यांच्या वतीनं ग्राहक आयोगाच्या परवानगीनं एकच तक्रार करता येते." तक्रार करायची मुदत दोन वर्षांची, म्हणून आम्हाला घाई करायला लावली तीही त्यांनीच.

पण खरी किंमत त्यांच्यासोबतच्या निवृत्त अस्थिरोगतज्ज्ञांची. त्यांनी आधी फाइलमध्ये चिकटवलेलं सांध्याचं स्टिकर शोधलं आणि लॉट नंबर, म्हणजे तो कोणत्या खेपेत बनला तो क्रमांक, वहीत उतरवला. मग एक्स-रे खिडकीशी धरून हाड आणि सांधा बसवायच्या सिमेंटमधली बारीक काळी रेघ, म्हणजे सांधा हाडापासून सुटल्याची खूण, आईला बोटानं दाखवली. आई पडली म्हणून हे झालं, असं आम्हाला वर्षभर ऐकवलं गेलं होतं. ती रेघ पाहून आई रडलीच.

त्यांनी तीन जणांना गटातून वगळलं. त्यांचा सांधा जंतुसंसर्गानं ढिला झाला होता. वाईट वाटलं, पण वस्तूतला दोष आणि इतर कारणं वेगळी केल्याशिवाय तज्ज्ञाचं मत टिकत नाही, हे पटलं.

फी जड आहे. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघ्याच्या पेशंटसाठी खाली बसायची सोय हवीच. तक्रार दाखल झाली आहे, निकाल यायचाय.